मालक नसताना चिरलेलं लाकूड

दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, धंद्यातले अनुभव लिहा, पण जरा गमतीदार लिहा. गमती आहेत, एक-दोन सांगतोही. पण ज्या गोष्टीसाठी मी कागद पुढ्यात घेतला आहे ती गमतीची नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे नंतर कोणी तोंड वाकडं करायला नको.

मी वाढई. तिकडे पश्चिमेला सुतार म्हणतात, आमच्या भंडारा जिल्ह्यात वाढई, आणि गिऱ्हाईक तोंडावर मिस्त्री म्हणते. लाखनीला हायवेच्या कडेला माझं फर्निचरचं दुकान होतं. आता पुतण्या पाहतो. तो बाहेरून तयार माल आणून विकतो, मी खुर्ची टाकून बसतो आणि त्याच्या मालाला नावं ठेवतो. एवढंच काम उरलं आहे.

लाकडाच्या बाबतीत आमचा जिल्हा भाग्यवान. साग आहे, बिजा आहे, येन आहे, शिवण आहे, हळदू आहे. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. साग समजूतदार आहे, रंध्याखाली मुकाट चालतो, म्हणून ज्याला काही येत नाही तोही सागात मिस्त्री ठरतो. येन जिद्दी. अंगावरच्या काळ्या-तपकिरी रेघा पाहत राहाव्या अशा, पण वाळताना तडकतो आणि हत्यारांची धार खातो. त्याला ओलेपणी लोखंड लागलं तर असा काळानिळा डाग पडतो की तो काढता काढता माणूस म्हातारा होतो. बिजा माझा लाडका. ताजा चिरला की पिवळा सोनेरी, हवा खाल्ली की मधाच्या रंगावर जातो, मधून लालसर काळी रेघ. ओला झाला की पिवळा रंग सोडतो. पांढऱ्या सदऱ्यावर ते पाणी पडलं तर सदरा गेला समजा.

बिज्याच्या ग्लासात ठेवलेलं पाणी पिलं की शुगर उतरते असं लोक म्हणतात. एक रिटायर गुरुजी माझ्याकडून असा ग्लास करून घेऊन गेले आणि दोन महिन्यांनी तणतणत आले. शुगर तसूभर उतरली नव्हती, तेव्हा ग्लास असली बिज्याचा आहे की नाही हे त्यांना लिहून पाहिजे होतं. मी म्हटलं, गुरुजी, ग्लास असली आहे, पण वरून रोज बालुशाही चालू असेल तर बिजा बिचारा काय करील. गुरुजी तेव्हापासून माझ्या दुकानापुढून मान वळवून जात.

दुसऱ्या एका साहेबांनी अस्सल सागाची टीव्हीची मांडणी करून घेतली आणि वर सांगितलं की हिच्यावर सागाच्या छापाचं लॅमिनेट चिकटवा, खरा साग खऱ्यासारखा दिसत नाही. मी चिकटवून दिलं. हात दुखले नाहीत, पण जीव दुखला.

आता व्हिनियर म्हणजे काय ते सांगावं लागेल, कारण पुढची गोष्ट त्याच्यावरच आहे. व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. लाकडाचा ठोकळा गरम पाण्यात नरम करतात आणि कारखान्यातल्या मोठ्या पात्याखाली दुधावरची साय काढावी तसे त्याचे पापुद्रे काढतात. मग ते प्लायवूडवर चिकटवायचे. लोक त्याला नकली म्हणतात तेव्हा मला राग येतो. लॅमिनेट म्हणजे कागदावर छापलेलं लाकडाचं चित्र. व्हिनियर हे लाकूडच आहे, फक्त थोडं आहे. एकामागून एक निघालेले पापुद्रे जवळपास सारखे असतात. दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी ठेवले की रेघा आरशात पाहिल्यासारख्या जुळतात. क्रम चुकला की जोड गेला, म्हणून कारखान्यातच खडूनं नंबर टाकून घ्यायचे. मोठं नाजूक काम आहे. आमच्या भागात ते करणारे दोन-तीनच होतो, आणि त्यात मी एक होतो हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आणि एक रीत सांगतो. गिऱ्हाईकानं स्वतःचं झाड आणलं तर आरा मशीनवर ते चिरताना मालक समोर पाहिजे. तो ओंडक्यावर पाणी शिंपडतो, नारळ फोडतो, मगच मशीन चालू होते. शिकलेले लोक याला हसतात. पण झाडाच्या आत काय आहे ते चिरेपर्यंत ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. आत जे निघेल ते, चांगलं असो की वाईट, मालकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. मग वाढई चोर ठरत नाही आणि मालकाच्या मनात किडा राहत नाही. माझ्या वडिलांनी ही रीत कधीच मोडली नाही. मी एकदाच मोडली.

कोंढ्याचे देवराव म्हणून एक धानकरी. माझ्याच वयाचे, मी त्यांना देवरावभाऊ म्हणतो. त्यांच्या शेतात एक बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी द्यायचं छोटं तळं. तिच्या काठाला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक बिजा उभा होता, सरळसोट, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. देवरावभाऊंची बायको सुमनबाई रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत त्याच्याच सावलीत शिदोरी सोडायची आणि म्हणायची, हा बिजा आपल्या वैशूच्या आलमारीचा. वैशू म्हणजे वैशाली, त्यांची एकुलती एक मुलगी. वैशाली नऊ वर्षांची असताना सुमनबाई आजारानं गेल्या. त्यानंतर देवरावभाऊंनी त्या झाडाची डहाळीही कोणाला तोडू दिली नाही.

मुलीचं लग्न मोहाडीला ठरायच्या बेताला आलं तेव्हा त्यांनी झाड कापलं. वनखात्याचा परवाना, मोजणी, ओंडक्यावर शिक्का, सगळं रीतसर झालं. ओंडका वर्षभर सावलीत वाळला. मग ते माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मिस्त्री, आलमारी ह्याच झाडाची पाह्यजे. दुसऱ्या लाकडाची एक पट्टीबी नको. पोरीले तिच्या मायचं काही द्याचं आहे, अन माह्यापाशी दुसरं काही नाही."

मी हो म्हटलं. ओंडका पाहायलाही गेलो होतो. दोन्ही टोकं ठणठणीत होती. मधे एका जागी जुनी फांदी मोडून भरून आलेली गाठ होती. तिथं मी हातोडीनं ठोकलं तेव्हा आवाज थोडा बसका वाटला, पण मी मनावर घेतला नाही. चाळीस वर्षं लाकूड ऐकलेल्या माणसानं मनावर घ्यायला पाहिजे होता.

आरा मशीनची पाळी ठरली आणि त्याच दिवशी देवरावभाऊंच्या शेताला कालव्याच्या पाण्याची पाळी आली. उन्हाळी धानाचा रोवणा चालू होता, बाया लावलेल्या होत्या. पाणी एकदा पुढे गेलं की आठ दिवस वापस येत नाही. त्यांचा फोन आला, तारीख बदलता येईल काय म्हणून. मी म्हटलं, मशीनची पाळी गेली तर महिना जाईल, तुम्ही रोवणा पाहा, मी आहे ना. ते म्हणाले, नारळ तेवढा माझ्या नावानं फोडा.

मशीनवर शंकर होता, माझा जुना दोस्त. मी नारळ फोडला. पहिली फळी निघाली, अशी की शंकरनं नुसता हात फिरवला आणि मान हलवली. तिसऱ्या कापाला मशीनचा आवाज बदलला. पिवळ्या भुशाच्या जागी काळा भुसा उडायला लागला. ओंडका उघडला तर मधला भाग पोकळ. दोन हात लांब भोक, त्यात वाळवीची माती आणि हातानं चुरगळेल असं सडकं लाकूड. त्या मोडलेल्या फांदीतून कधीतरी पाणी आत शिरलं असेल, आणि झाड बाहेरून वाढत राहिलं, आतून संपत गेलं.

शंकरनं मशीन बंद केली.

"मिस्त्री, मालकाले बोलाव. आजच्या आज बोलाव. तो येऊन पाहीपर्यंत मी हे असंच ठेवतो."

माझा फोन हातात होता. मी तो खिशात टाकला.

का टाकला हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. लोकांना सांगताना मी म्हणतो की दया आली. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला फोनवर काय सांगू, तुमच्या बायकोचं झाड आतून सडलेलं निघालं म्हणून? ते खरं आहे. पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे माझी ऐट. त्या सडक्या ओंडक्यापुढे उभं असतानाच माझ्या डोक्यात नकाशा तयार झाला होता. बुडाकडचा तीन फूट आणि शेंड्याकडचा दोन फूट भाग चांगला होता. त्याच्या फळ्या केल्या तर त्या आलमारीच्या दाराच्या उंचीला पुरल्या नसत्या. पण व्हिनियर काढलं तर? आलमारीची जी जी बाजू डोळ्याला दिसते ती सगळी त्याच झाडानं झाकता आली असती. असं काम जिल्ह्यात दुसरा कोणी करू शकत नव्हता, आणि मला ते करून पाहायचं होतं.

मी शंकरला म्हटलं, चिर, मालकाचं मी पाहतो. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग त्यानं मशीन चालू केली. सडकी टरफलं तिथंच जळणात गेली. माझ्या खरेपणाचा पुरावा मी माझ्या हातानं जाळला, हे तेव्हा कुठं कळत होतं.

नागपूरच्या बाजूला एका कारखान्यात ओळख होती. तिथं ठोकळे नेले, समोर उभं राहून पापुद्रे काढून घेतले, एकेकावर नंबर टाकला. दाराची उंची सहा फूट, पापुद्रा तीन फुटाचा. म्हणून प्रत्येक दारावर चार-चार पानं लावली, दोन वर, दोन खाली, अशी की चारही पानांच्या रेघा मध्यावर येऊन एकमेकींना भेटाव्या. त्या जोडणीला मला अठरा दिवस लागले. जेवणाची शुद्ध नव्हती. बायको म्हणायची, तुमचंच लग्न असल्यासारखं करून राहिले. पॉलिश झालं तेव्हा दोन्ही दारांवर बिज्याच्या रेघांची दोन मोठी फुलं उमटली होती. मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम. हे आजही म्हणतो, आणि म्हणताना मान खाली जाते.

पोकळीच्या जवळून निघालेल्या काही पापुद्र्यांवर सडलेल्याचे डाग होते. बिज्याचं लाकूड फेकवत नाही. मी ते पापुद्रे मागच्या पाटीला, म्हणजे आलमारीच्या पाठीच्या फळीला, आतून लावले, कपड्यांच्या मागे, जिथं कोणाची नजर जात नाही. डाग भुसा आणि गोंद कालवून भरले आणि वरून रंग मिळवला.

देवरावभाऊ आलमारी न्यायला आले तेव्हा आधी दुरूनच पाहत उभे राहिले. मग जवळ येऊन त्यांनी दारावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. उचलताना त्यांच्या भाच्यानं विचारलं, बिजा तर वजनदार असतो, ही एवढी हलकी कशी. मी म्हटलं, चांगलं वाळलेलं लाकूड हलकं होते. तोंडानं मी एवढंच खोटं बोललो. बाकी सगळं न बोलता केलं.

लग्नात मांडवाच्या एका बाजूला आंदण मांडलं होतं. देवरावभाऊ येईल त्या पाहुण्याचा हात धरून आलमारीपाशी नेत होते. भरीव बिजा आहे, पोरीच्या मायचं झाड आहे, या मिस्त्रीनं केली, असं प्रत्येकाला सांगत होते. मी जवळच बुंदीची पत्रावळ घेऊन उभा होतो. लोक माझ्याकडे पाहून माना डोलवत होते, आणि मी बुंदी खात होतो.

मग बारा वर्षं गेली. दर वर्षी देवरावभाऊ नव्या तांदळाची पिशवी घेऊन यायचे. पहिली दोन-तीन वर्षं मला वाटायचं, आज सांगून टाकू. पुढे वाटणंही बंद झालं. मधे शंकर वारला. मी आणि तो, दोघांनाच माहीत होतं, आता मी एकटाच उरलो. खोटं सांगत नाही, त्याच्या मातीला गेलो तेव्हा दुःखाच्या सोबत थोडं हलकंही वाटलं होतं.

मागच्या एका पावसाळ्यात मोहाडीला नाल्याचं पाणी वस्तीत शिरलं. वैशालीच्या सासरी दोन दिवस गुडघाभर पाणी होतं. भरीव बिजा असता तर पुसून उभा राहिला असता. प्लायवूड खालून फुगलं आणि वरचा पापुद्रा सुटला. वैशालीचे सासरे, म्हणजे देवरावभाऊंचे याही, रामदासजी धानाचे व्यापारी, वाईट माणूस नाही, पण शब्दाला पक्का आणि दुसऱ्याकडूनही तेच मागणारा. देवरावभाऊ साफसफाईला मदत करायला गेले, तेव्हा शेजारपाजारचे चार लोक बसलेले असताना रामदासजींनी शांतपणे विचारलं की, याही, ही आलमारी भरीव बिज्याची म्हणून तुम्ही सांगितली होती ना?

देवरावभाऊंनी आलमारीवर हात ठेवला आणि बायकोची शपथ घेतली. मेलेल्या सुमनबाईंची. रामदासजींनी फुगलेला पापुद्रा बोटानं ओढला. खालून प्लायवूडचे थर दिसले. वैशाली तिथंच झाडू घेऊन उभी होती.

देवरावभाऊ पाणीही न पिता उठले आणि बस बदलून थेट माझ्या दुकानात आले. आल्या आल्या त्यांनी खिशातून पापुद्र्याची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"हे माह्या झाडाचं होय का?"

मी हो म्हटलं.

"मंग बाकीचं झाड कुठी गेलं?"

मी सगळं सांगितलं. पोकळी, वाळवीची माती, शंकर, फोन. बारा वर्षं जे सांगितलं नव्हतं ते पाच मिनिटांत सांगितलं, आणि सांगतानाच मला ऐकू येत होतं की हे खोटं वाटून राहिलं आहे. ओंडका कुठं आहे? जळाला. कोणी पाहिला? शंकरनं. शंकर कुठं आहे? वारला. देवरावभाऊ ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, झाड विकाचं होतं तर मले सांगून विकाचं होतं. आणि गेले. त्या वर्षी तांदळाची पिशवी आली नाही.

मी मोहाडीला गेलो. रामदासजींपुढे हात जोडून सांगितलं की तुमच्या याहींना यातलं काही माहीत नव्हतं, चूक माझी आहे. त्यांनी चहा दिला, पूर्ण ऐकलं आणि म्हणाले की तुम्ही मोठे कारागीर आहात, दोस्ताची अब्रू वाचवायला इतक्या दूर आलात, हे मला आवडलं, पण माझ्या घरात येऊन खोटं बोलू नका. म्हणजे कोंढ्यात मी चोर होतो आणि मोहाडीत मी चोराची बाजू घेणारा. खरं बोलायलाही वेळ असते. ती टळली की खऱ्याला कोणी विचारत नाही.

निघताना वैशाली दारापर्यंत आली. दोन पोरांची आई झालेली बाई, पण आवाज लहान झाला होता.

"काका, तीन महिने झाले, बाबा आले नाही. फोन उचलत नाही. घरात मले कोणी काही म्हणत नाही, पण आलमारीवर सासूबाईनं चादर टाकून ठेवली आहे. माह्या मायचं नाव निघालं का सारे चूप होतात."

ती चादर डोळ्यांपुढे घेऊनच मी बसमध्ये बसलो. बस मोहाडीच्या बाहेर पडली आणि मला मागच्या पाटीची आठवण झाली. इतके दिवस कशी झाली नव्हती कोण जाणे. मी पुढच्या थांब्यावर उतरलो आणि वापस गेलो.

रामदासजींना सांगितलं की या आलमारीच्या पोटात पुरावा आहे, पण झाडाचा मालक समोर आल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही. रामदासजी म्हणाले, तुम्ही आत्ताच काढून दाखवा, मी आहे ना. नेमके माझेच शब्द. मी म्हटलं, नाही जी, एकदा तशी चूक केली आहे. वैशालीनं बापाला फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तिनं कोंढ्यातल्या त्यांच्या शेजाऱ्याच्या फोनवर लावून त्यांना बोलावून घेतलं आणि रडत नाही, भांडत नाही, सरळ सांगितलं की बाबा, आईचं झाड खोलून राहिले, तुम्ही या.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. माझ्याकडे पाहिलंही नाही. आम्ही आलमारी रिकामी केली, भिंतीपासून ओढली. मी मागची पाटी सोडवून अंगणात उन्हात ठेवली आणि पॉलिश खरवडायला बसलो. खाली भुसा-गोंद भरलेले डाग उघडे पडत गेले. चार पापुद्रे, कारखान्यातल्याच क्रमानं लावलेले. पहिल्यावर डाग हरभऱ्याएवढा. दुसऱ्यावर सुपारीएवढा. तिसऱ्यावर बांगडीएवढा, आणि कडेला वाळवीनं कोरलेल्या नळ्या. चौथ्यावर तळहात मावेल एवढा, तिथं मी दुसरा तुकडा बसवला होता. मी समजावून सांगितलं की पातं एकेक पापुद्रा कापत झाडाच्या मध्याकडे सरकते. हे चार पापुद्रे मिळून दोन मिलिमीटरचे. एवढ्यातच डाग इतका वाढला. पुढचे कापून उपयोग नव्हता, कारण पुढे लाकूडच नव्हतं.

रामदासजी वाकून पाहत राहिले. त्यांचंही बालपण जंगलाकाठचं, झाड कसं सडते ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला, देवरावभाऊंसमोर येऊन दोन्ही हात जोडले आणि याही, माफ करा म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी स्वतः आलमारीवरून बाजूला सारलेली चादर घडी करून ठेवली. वैशालीनं बापाचा हात धरला. मला वाटलं, झालं, सुटलो. खरंच वाटलं. मी खरवडणी पुसायलाही घेतली.

देवरावभाऊ पाटीपाशी उकिडवे बसले. त्यांनी हरभऱ्यापासून तळहातापर्यंत चारही डागांवर एकेक बोट फिरवलं.

"मिस्त्री, तुमी चोर नाही. मी तसं बोललो, ते वापस घेतो. पण मले बोलावलं काहून नाही?"

मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या जीवाला लागेल म्हणून."

ते पोरीकडे न पाहता, पाटीकडेच पाहत बोलले.

"सुमनच्या पोटात गाठ होती. डॉक्टरले माहीत होतं, तिच्या भावाले माहीत होतं, तिलेबी माहीत होतं. सहा महिने मले कोणी सांगतलं नाही. जीवाले लागेल म्हणे. मी आपला धान कापून राहिलो होतो, बाजारात जाऊन राहिलो होतो. तिच्यापाशी बसाचे सहा महिने मले कोणी देल्ले नाही."

वैशालीचा हात तोंडावर गेला. तिलाही हे आजच कळत होतं.

देवरावभाऊंनी तळहात चौथ्या डागावर ठेवला. तो तिथं बरोबर मावला.

"ते झाड पोकळ निघालं तर निघालं. मी मशीनपाशी खाली बसलो असतो, घटकाभर रडलो असतो, अन ते पोकळ लाकूडच घरी नेलं असतं. तेवढं तरी मले करू द्याचं होतं, मिस्त्री."